घोडबंदर ते चौक : आपल्या शहराचे निर्णय नेमके होतात कुठे?

तुळशीची लग्नं झाली की आपल्याकडे पहाटे जरा बरा गारवा पडतो. त्याचा फायदा घेऊन रविवारी पावणेसहाला हाटकेशहून सायकल काढली. आधी काशीमिरा, तिथून घोडबंदर, मग उलट फिरून भाईंदर, राई-मुर्धे, उत्तन आणि शेवटी चौक. चाळीसेक किलोमीटरचा फेरा. सायकलवर वेग कमी असतो, त्यामुळे एरवी रिक्षातून किंवा बसमधून न दिसणाऱ्या पाट्या वाचता येतात. या वेळी ठरवून वाचल्या.

मेट्रोच्या खांबांजवळच्या पत्र्यांवर एमएमआरडीए. महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. डोंगराच्या बाजूला वन विभाग. खाडीकडे कांदळवन. मिठागरांच्या जागेवर भारत सरकार. चौकाचौकात पोलीस आयुक्तालय. आणि या सगळ्या पाट्यांवर टांगलेले, वाऱ्याने फाटलेले दिवाळीच्या शुभेच्छांचे बॅनर. बॅनरवर हात जोडलेला फोटो आणि खाली दोन शब्द : 'भावी नगरसेवक'.

भावी भरपूर होते, मंडळी. आजी एकही नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे होते. म्हणजे ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, अंमल करणारेही तेच. गटार तुंबलं तर कुणाला फोन करायचा, हा प्रश्न लहान वाटतो. पण त्यातूनच पुढचा मोठा प्रश्न निघतो : या शहराचे निर्णय नेमके कुठे होतात? पॅडल मारता मारता लक्षात आलं की हा प्रश्न आजचा नाही. आपल्या या पट्ट्याला तो जवळजवळ पाचशे वर्षं चिकटलेला आहे. तीच गोष्ट आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात घोडबंदरपासून. फाउंटनच्या पुढे डावीकडे गावात शिरलं की किल्ला. वरून खाडी दिसते, पलीकडे वसईची बाजू. अरबी घोडे इथे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं नावाचं मूळ सांगितलं जातं. हा सगळा भाग साष्टी बेटाचा. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आला होता. पोर्तुगीजांची मदत हवी म्हणून त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख त्यांना देऊन टाकला. त्यात साष्टीही गेली. इथल्या कोळ्याला, आगऱ्याला, कुणब्याला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीजांची. अठराव्या शतकात त्यांचा जाच असह्य झाला, तेव्हा इथली मंडळी दाद मागायला गेली कुठे? पुण्याला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांच्या दरबारी खेटे घालत होते. 'साष्टीची बखर' त्यांच्या या खटपटीची हकीगत सांगते. कितीतरी वर्षं गेली. शेवटी बाजीरावांनी मोहीम मनावर घेतली आणि चिमाजी अप्पा उतरले. मार्च १७३७ मध्ये ठाणं पडलं, त्याच मोहिमेत घोडबंदर मराठ्यांकडे आलं आणि मे १७३९ मध्ये वसई. आपण शाळेत वसईची लढाई शिकतो, पराक्रमाची म्हणून शिकतो, आणि पराक्रम होताच. पण त्या लढाईच्या आधीची वाट पाहण्याची वर्षं कुणी शिकवत नाही. स्थानिक माणूस अर्ज घेऊन राजधानीच्या दारात बसलेला, आणि राजधानीला आपल्या राजकारणात त्याची गरज पडेपर्यंत अर्ज तसाच. हे चित्र जुनं आहे, पण अनोळखी नक्कीच नाही.

मराठी राज्य इथे टिकलं सदतीस वर्षं. पुण्यात गादीवरून भांडणं सुरू झाली, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला निघाले आणि त्या धामधुमीत डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्यासह साष्टी बळकावली. मग पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. १७८२ मध्ये तह झाला आणि साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. तो तह कुठे झाला माहीत आहे? सालबाईला. ग्वाल्हेरजवळचं गाव. आपल्या भाईंदर-मीऱ्याचं भवितव्य ग्वाल्हेरजवळ ठरलं. पुण्यातल्या सत्तेच्या फाटाफुटीची किंमत साष्टीने मोजली, हे जरा लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

घोडबंदरहून परत काशीमिऱ्याला आलो आणि मीरा-भाईंदर रोडला लागलो. आज जिथे टॉवर उभे आहेत, तिथली बरीचशी जमीन मुळात खार. भरतीचं पाणी आत यायचं. बांध घालून, उघाड्या बसवून ते अडवायचं, मग गोड्या पाण्यावर भात घ्यायचं, नाहीतर पाणी आत घेऊन मीठ पिकवायचं, ही इथली दोन पिकं. १८७० साली इंग्रज सरकारने या भागातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या सावकाराला भाडेपट्ट्याने दिली. मुदत ९९९ वर्षं! अट अशी की त्याने समुद्राचं पाणी अडवायचे बांध राखायचे आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून पिकाचा तिसरा हिस्सा घ्यायचा. कागदावर व्यवस्था छान. प्रत्यक्षात तीनशे-चारशे वर्षं त्याच मातीत राबणारा माणूस एका सहीने कूळ झाला.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, साष्टीतल्या इस्टेटींच्या सारामाफीचे हक्क काढणारा १९५१ चा कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कुळं कायद्याने मालक झाली. तरी त्या जुन्या पट्ट्याचं भूत पूर्ण उतरलं नाही. त्याचा वारसा सांगणारा दावा सातबारा, तहसील, कोर्ट, मंत्रालय असा फिरत राहिला. इथे सोसायटीत फ्लॅट घेतलेल्या कित्येकांना 'आमच्या जमिनीच्या कागदांत हे नाव कसं आलं' हा प्रश्न पडला असेल. त्याचं उत्तर १८७० मध्ये आहे. तेव्हाही निर्णय सरकारने घेतला आणि फळं इथल्यांनी भोगली.

मिठागरांची वेगळीच तऱ्हा. भाईंदर पश्चिमेला खाडीच्या कडेने जाताना उजेडात चौकोनी पाण्याचे तुकडे चमकतात. अजून काही शिल्लक आहेत. मिठावर कर इंग्रजांनी लावला म्हणून गांधीजी दांडीला गेले, हे आपण जाणतो. पण स्वातंत्र्यानंतरही मीठ हा विषय राज्यघटनेत केंद्राच्याच यादीत राहिला आणि मिठागरांच्या जमिनींवर केंद्राच्या मीठ विभागाचा हक्क. त्यामुळे उद्या त्या जमिनीवर घरं होणार की नाही, पावसाचं पाणी मुरायला जागा उरणार की नाही, याचा निर्णय दिल्लीत. भाईंदरमध्ये पाणी तुंबलं की मात्र शिव्या स्थानिक वॉर्ड ऑफिसला.

आता आपण मुंबईत का नाही, याकडे येऊ. नवीन राहायला आलेले बरेच जण पत्ता सांगताना 'मुंबई' लिहितात, मग पिनकोड सांगताना अडखळतात. गंमत अशी की १९२० पर्यंत आपण आणि अंधेरी-बोरिवली एकाच साष्टी तालुक्यात होतो. त्या वर्षी तालुका तोडला. दक्षिण साष्टी नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यात गेली, उत्तर साष्टी ठाण्याकडे राहिली. मग बृहन्मुंबईची हद्द वाढत गेली. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरीकडे, १ फेब्रुवारी १९५७ ला पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत. तिथे रेघ थांबली. रेघेच्या अलीकडे मीरा. पलीकडे दहिसरला मुंबई महापालिकेचं पाणी, बेस्टची बस, केईएम-नायरचं आरोग्याचं जाळं. अलीकडे ग्रामपंचायत आणि विहीर.

आणि ही रेघ कोणत्या वेळेला ओढली गेली पाहा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य झालं होतं, मुंबई कुणाची हा भांडणाचा मुद्दा होता, माणसं गोळ्या खाऊन पडली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई आपल्याला मिळाली. राज्य मिळालं, पण दहिसरच्या पलीकडच्या गावांना मुंबईचे फायदे मिळाले नाहीत, मुंबईचा भार तेवढा मिळाला.

तो भार पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप तसा कधी मिटलाच नाही, विरला. लालबाग-परळ-गिरगावातली कुटुंबं चाळीतली खोली काढून उपनगरात आणि त्याही पलीकडे सरकू लागली. इकडे राजस्थानी-गुजराती व्यापारी आले, उत्तरेतून कारागीर आले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं सुरक्षित जागा शोधत नयानगरच्या परिसरात आली. आपल्या हाटकेशमध्ये उद्योगनगर आहे, तिथल्या गाळ्यांमध्ये कोण कुठल्या जिल्ह्यातून आलंय विचारत बसलं तर सकाळ संपेल. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ५ लाख २० हजार. दहा वर्षांत तिप्पट! २०११ मध्ये ८ लाखांवर. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे पुढचं आपण डोळ्यांनी मोजायचं.

कारभार त्या मानाने मागून धावत राहिला. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, पुढे उत्तन-डोंगरी-राई-मुर्ध्याकडची गावंही त्यात घेतली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. २००८ च्या फेररचनेत मीरा-भाईंदर नावाचा विधानसभा मतदारसंघ पहिल्यांदा तयार झाला, आणि तोही शहराला पुरला नाही, एक भाग ओवळा-माजिवड्यात गेला. लोकसभेला आपण ठाण्यात. पोलीस आयुक्तालय मिळालं १ ऑक्टोबर २०२० ला, तेही वसई-विरारसोबत. आपल्याला प्रत्येक गोष्ट मिळाली, पण उशिरा आणि अर्धी. पाण्याचंही तेच. आठ लाखांच्या शहराला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. स्टेम आणि एमआयडीसी देतील ते. सूर्या धरणाच्या योजनेत आपल्या वाट्याला दिवसाला २१८ दशलक्ष लिटर ठरलेलं आहे. ते पाणी पालघरच्या आदिवासी पट्ट्यातून यायचं, आणि तिथली माणसं विचारतात की आमची शेतं कोरडी ठेवून नळ कुणाचे भरणार. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. तोही आपल्यासारखाच प्रश्न आहे.

राई गावाजवळ एका टपरीवर चहाला थांबलो. बाजूला सत्तरीचे एक आगरी काका बसले होते. सायकल पाहून म्हणाले, "कुठून आलास रे बाळा?" म्हटलं, "हाटकेशहून, काका." मग गप्पा निघाल्या. म्हणाले, "ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाला रस्त्यात अडवायचो. त्याला पळायला जागा नसायची, संध्याकाळी त्याच पारावर यायचा. आता साहेब बदलला तरी पेपरातून कळतं."

काकांच्या या वाक्यावर पुढचे चार किलोमीटर विचार केला. कारण महाराष्ट्राने एके काळी नेमकं उलटं स्वप्न पाहिलं होतं. राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईक समिती नेमली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता मंत्रालयातून गावाकडे न्यायची, असा तो विचार. देशात त्याचं कौतुक झालं. त्याच जिल्हा परिषदांतून पुढे आमदार-मंत्री घडले. पण मजा बघा, त्यातूनच वर गेलेल्या मंडळींना नंतर खालच्या निवडणुका नकोशा झाल्या. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ मध्ये झाल्या, त्यानंतर थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षं! मुंबई महापालिकेची निवडणूक १९७८ नंतर १९८५ मध्ये झाली, मधे प्रशासक बसला होता. स्थानिक संस्थेत नवं नेतृत्व तयार होतं, ते आमदाराला नको असतं आणि मंत्र्याला तर त्याहून नको असतं. यात पक्षभेद नाही. तेव्हा राज्यात बहुतेक काळ काँग्रेस होती, आज दुसरे आहेत.

हा खेळ देशभर चालला होता म्हणून तर घटना बदलावी लागली. पंचायतींसाठी ७३ वी आणि शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती झाली. १ जून १९९३ पासून ७४ वी लागू झाली. अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो : पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पळवाट राहू नये म्हणूनच हे घटनेत लिहिलं. आणि तरीही आपण तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाखाली होतो. नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद तर २०२० पासून होती.

हे कसं झालं? थोडक्यात सांगतो. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या पूर्ण करा, असं सांगितलं. आकडेवारी गोळा करायला हवी होती, ती वेळेत झाली नाही. केंद्र म्हणालं राज्याने करावं, राज्य म्हणालं केंद्राकडे माहिती आहे ती द्यावी. मग बांठिया आयोग, जुलै २०२२ मध्ये त्याच्या अहवालाला न्यायालयाची मान्यता. रस्ता मोकळा झाला असं वाटलं. तेवढ्यात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली होती, ठाकरे सरकार जाऊन ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले होते. आधीच्या सरकारने वाढवलेली सदस्यसंख्या आणि बदललेले प्रभाग नव्या सरकारने ऑगस्टमध्ये रद्द केले. प्रकरण परत कोर्टात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीही फुटली. दोन पक्षांचे चार झाले. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, कोण पात्र, कोण अपात्र यात राज्य बुडालं आणि महापालिका कुणालाच आठवल्या नाहीत. पुण्यातल्या फाटाफुटीत साष्टी गेली होती, ते मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्याही झाल्या नाहीत. मग सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. म्हणून तेव्हा बॅनर वाढले.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. या काळात राज्यात मुख्यमंत्री बदलले : ठाकरे, शिंदे, मग ५ डिसेंबर २०२४ ला फडणवीस. पण महापालिका ज्याच्या हाताखाली चालतात ते नगरविकास खातं २०१९ च्या अखेरीपासून, मधले काही दिवस सोडले तर, एकाच नेत्याकडे, म्हणजे एकनाथ शिंदे यांच्याकडे राहिलं आहे. हा आरोप नाही, नोंद आहे. पालिकेत सभागृह नसेल तर शहराचा खरा कारभारी आयुक्त होतो, आणि आयुक्ताची नेमणूक-बदली मंत्रालयात होते. म्हणजे शेवटी आपल्या गटाराचा धनी कुठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

सभागृह नसल्याने काय बिघडतं, याचं उत्तर जुलै २०२५ मध्ये मिळालं. इयत्ता पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून राज्यभर वातावरण तापलेलं होतं. २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. त्याच सुमाराला आपल्या मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी बंद पाळून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून मराठी माणसांचा मोर्चा ८ जुलैला ठरला, तर आदल्या रात्रीपासून धरपकड. व्यापाऱ्यांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा का, असं म्हणत लोक उलट जास्त जमले. त्याच मोर्चात आलेल्या स्थानिक आमदार-मंत्र्यांविरुद्ध घोषणा झाल्या आणि त्यांना परत जावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली. १८ जुलैला राज ठाकरे यांची सभा. सगळ्या देशाच्या चॅनेलवर मीरा रोड.

मारहाण चूकच. आणि मराठीचा आग्रहही रास्तच. या राज्याची राजभाषा मराठी आहे, त्याचा कायदा १९६४ चा आहे. स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत करायचा, असा वेगळा कायदा २०२२ मध्ये झाला. म्हणजे कायदा आहे. नव्हतं काय? बोलायची जागा नव्हती. शहरात सभागृह चालू असतं, पंच्याण्णव नगरसेवक असते, त्यात मराठी, गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, ख्रिस्ती, मुस्लिम सगळे असते, तर हा विषय तिथे आला असता. तावातावाने भांडले असते, माईक हिसकावले असते, पण भांडण सभागृहात झालं असतं. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांमध्ये कुणीतरी मध्यस्थ असता. तो नव्हता, म्हणून दुकानाच्या काउंटरवरून विषय थेट पोलीस व्हॅनमध्ये आणि तिथून मुंबईच्या सभांमध्ये गेला. फायदा ज्यांना व्हायचा त्यांना झाला. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र अजून लोक एकमेकांशी जपून बोलतात.

उत्तनला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. सुकत घातलेल्या मासळीचा वास, चर्चकडे निघालेली माणसं. इथले ख्रिस्ती कोळी घरात मराठी बोलतात, बोलीचा ठसका वेगळा, पण मराठीच. कोण मराठी आणि कोण बाहेरचा, हे कपड्यांवरून आणि आडनावांवरून ठरवणाऱ्यांनी एकदा उत्तनच्या जेट्टीवर तासभर उभं राहावं.

याच बाजूला डोंगरीचा डोंगर. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा भागात ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ती डोंगरीला सरकवली. मग तिथे बारा हजारांच्या आसपास झाडांचा प्रश्न उभा राहिला. मेट्रो हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाईंदरहून सकाळी ८ ची लोकल पकडणाऱ्या कुणाच्याही मनात नसेल. पण कारशेड कुठे, किती झाडं, गावाला काय मिळणार, ही चर्चा एमएमआरडीएच्या कार्यालयात होते आणि गावकऱ्यांच्या हातात फक्त हरकतीचा अर्ज असतो. गंगाजी नाईकांच्या वेळी अर्ज पुण्याला जायचा, आता वांद्रे-कुर्ला संकुलात जातो.

चौकात समुद्राकडे तोंड करून चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. धारावी बेटाच्या या टोकासाठी वसई पडण्याआधी मोठी झुंज झाली. नेते मंडळी इथे येतात, हार घालतात. चांगलं आहे. पण इतिहासातून घ्यायचं असेल तर हेही घ्या, की या बेटाची मालकी आतापर्यंत सुलतान, पोर्तुगीज, पेशवे, कंपनी, सावकार आणि मंत्रालय अशी फिरली, आणि त्यात इथल्या माणसाला मत विचारण्याची पद्धत सुरू होऊन फार तर काही दशकं झाली आहेत. तेवढीच आपली कमाई. तीही तीन वर्षं कपाटात बंद होती.

आणि आपणही काही कमी नाही. २०१७ च्या पालिका निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदार बाहेर पडले. निकाल लागला भाजप ६१, शिवसेना २२, काँग्रेस १०. विधानसभेला २००९ मध्ये राष्ट्रवादी, २०१४ मध्ये भाजप, २०१९ मध्ये अपक्ष, २०२४ मध्ये परत भाजप. आपण आमदार बदलतो, पण नगरसेवकाला मत द्यायला रांगेत उभं राहायचा कंटाळा करतो. खरं तर नळ, गटार, शाळा, दवाखाना, बाग, फेरीवाला हे सगळं नगरसेवकाचं काम.

त्यात प्रभाग पद्धतीचा घोळ. २०१२ मध्ये एका प्रभागात दोन नगरसेवक, २०१७ मध्ये चार. मधल्या सरकारने तीन ठरवले, पुढच्याने परत चार. मुंबईत मात्र एका वॉर्डाला एकच. आपल्याकडे चार जण असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि चारही पक्षाच्या लाटेवर निवडून येतात. त्यामुळे काकांच्या सरपंचासारखं रस्त्यात अडवायचं म्हटलं तरी अडवायचं कुणाला?

म्हणून एवढंच सांगणं आहे. मतदारयादीत आपलं आणि घरच्यांचं नाव आत्ताच तपासा, मतदानाच्या दिवशी केंद्रावर बोंब मारण्यात अर्थ नाही. प्रभागाची हद्द कुठून कुठे गेली, नकाशा बघा. दारात येणाऱ्या प्रत्येक 'भावी'ला, तो कुठल्याही पक्षाचा असो, चार प्रश्न विचारा. २०२२ पासून सभागृह बंद होतं, तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या पक्षाने निवडणूक घ्या म्हणून काय केलं? सूर्याचं पाणी आपल्या नळाला किती आणि कधी? मिठागरांच्या जमिनीवर तुमची भूमिका काय, लेखी देता का? आणि निवडून आल्यावर पक्ष फुटला तर तुम्ही कुणाला विचारून बाजू बदलणार?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण हसतील. हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत त्यांना दारात उभं ठेवा.